केळीच्या खांबापासून स्वयंपाकाचा गॅस: कुळागरातल्या घरासाठी

घड उतरला की त्या केळीचं काम संपलं. खांब कोयत्याने पाडायचा आणि पाटाच्या कडेला ढकलून द्यायचा, अशी बहुतेक कुळागरांतली (माड, पोफळी, केळी एकत्र असलेल्या गोव्याकडच्या बागांतली) रीत. तो खांब तिथेच सडतो, त्यात सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे तीच कीड उभ्या केळीत शिरते. घरी तीनशेच्या आसपास केळी असतील तर वर्षाला साधारण तितकेच खांब निघतात, म्हणजे महिन्याला २५. एक खांब २० ते ४० किलोंचा. सरासरी ३० धरली तर रोजचा २५ किलो ओला माल झाला. जोडीला एका गाईचं शेण असेल, तर यातून छोटी शेगडी दीड तास चालेल इतका गॅस मिळतो. महिन्याच्या हिशेबाने तो एका सिलिंडरच्या दोन तृतीयांशाएवढा होतो. सिलिंडर पूर्ण सुटत नाही, पण भात, डाळ आणि दोन वेळचा चहा यांचा भार या गॅसवर टाकता येतो.

गोबर गॅसच्या टाकीकडे वळण्याआधी खांबातलं पाणी समजून घ्यावं. शंभर किलो खांबात ९२ ते ९४ किलो पाणी असतं. ३० किलोच्या खांबात सुका माल जेमतेम २ किलो. त्यातलं २८ किलो पाणी आगीवर उडवायला जी उष्णता लागते, ती त्या २ किलो सुक्या मालातून निघणाऱ्या उष्णतेच्या दुपटीहून जास्त आहे. त्यामुळे ओले खांब भट्टीत वाळवून त्यांचं जळण करण्याची कुठलीही योजना तोट्यातच जाते. गोबर गॅसच्या टाकीत मात्र हेच पाणी कामाला येतं, कारण शेणात जे पाणी आपण एरवी बादलीने ओततो ते खांब स्वतःबरोबर आणतो. ओला खांब टाकीत आणि झाडावरच वाळलेली पानं चुलीत, एवढी वाटणी पक्की करावी.

टाकी किती मोठी

रोजचा भरणा असा: चिरलेला खांब २० किलो, ताजं शेण १० किलो, पाणी ५ लिटर. एकूण ३५ लिटर. शेणात सुका माल सुमारे २० टक्के आणि खांबात ७ टक्के. या मिश्रणात तो १० टक्क्यांच्या आत राहतो, आणि टाकीला तेवढंच दाट सोसतं. निव्वळ शेणाचा भरणा आपल्याकडच्या हवेत ३० दिवसांत पचतो, पण केळीचा तंतू चिवट असल्याने त्याला ४५ दिवस द्यावेत. ३५ लिटर गुणिले ४५ दिवस म्हणजे १६०० लिटरच्या आसपास. म्हणून खालची, माल पचवणारी टाकी २००० लिटरची घ्यायची: तिचा वरचा खांदा कापल्यावर आणि निकासाची (पचलेला माल बाहेर पडायच्या भोकाची) पातळी धरल्यावर कामाची जागा तेवढीच उरते.

गॅसचा अंदाज: एक किलो शेणामागे ४० लिटर, एक किलो ताज्या खांबामागे १५ ते २० लिटर. वरच्या भरण्यातून सातशे लिटर धरावेत. छोटी बायोगॅस शेगडी तासाला ४५० लिटर ओढते.

गॅस साठवायला १५०० लिटरची दुसरी टाकी उपडी करून पहिलीत बसवायची. दोन्ही टाक्या काळ्या, जाड प्लास्टिकच्या, पाण्यासाठी मिळतात त्याच. दुकानात जाताना मोजपट्टी न्यावी. कंपनीगणिक व्यास बदलतो आणि वरची टाकी खालच्या टाकीत चारही बाजूंनी ३ ते ६ सेंटिमीटर मोकळी राहिली पाहिजे. फट कमी असेल तर ती अडकते, जास्त असेल तर तेवढा गॅस उघड्या कडेने हवेत जातो. वरची टाकी खालचीपेक्षा १० सेंटिमीटर बुटकी कापावी, म्हणजे ती पूर्ण बुडते. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून घ्यावी.

लागणारं बाकी सामान: भरण्यासाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि वर एक घमेल्याएवढं तोंड, निकासासाठी ९० किंवा ११० मिलिमीटरचा पाइप, तळाला गाळ काढण्यासाठी ७५ मिलिमीटरचा बॉल व्हॉल्व्ह, गॅससाठी २० मिलिमीटरचा पाइप, दोन कॉक, रबरी नळी, २५ मिलिमीटरचे तीन उभे जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप, बायोगॅसची शेगडी. तळाचा व्हॉल्व्ह स्वस्तात उरकायला ४० मिलिमीटरचा बसवला तर तो पहिल्याच वर्षी तंतूंनी बुजतो, आणि मग टाकी वरून उपसावी लागते.

जागा आणि जोडणी

कुळागराच्या आत, माडा-पोफळींच्या सावलीत टाकी बसवण्याचा मोह होतो, कारण खांब तिथेच पडतात. तसं करू नये. गॅस तयार करणाऱ्या जीवाणूंना ३० ते ३५ अंश उष्णता मानवते आणि कुळागरातल्या सावलीत पाटाच्या ओलाव्यामुळे टाकी कायम थंड राहते. कुळागराच्या कडेला, निदान दुपारपर्यंत ऊन लागेल अशी, स्वयंपाकघरापासून २० मीटरच्या आतली आणि विहिरीपासून १५ मीटर तरी लांब जागा निवडावी.

टाकी जमिनीत पुरू नये. पावसाळ्यात जांभ्या दगडातून पाणी झिरपून खड्डा भरतो आणि टाकी त्या वेळी रिकामी असेल तर ती सरळ वर तरंगते, पाइप मोडतात. चिऱ्यांचा एक थर, त्यावर १० सेंटिमीटर काँक्रीट आणि बारीक वाळूचा हात, असा दीड मीटर बाय दीड मीटरचा ओटा पुरतो. भरलेल्या टाकीचं वजन पावणेदोन टनांवर जातं, तेव्हा ओटा पाणसळीने तपासून घ्यावा. कललेल्या ओट्यावर वरची टाकी रोज एकाच बाजूला घासते.

भरण्याचा पाइप तळापासून ३० सेंटिमीटर अंतरापर्यंत खाली न्यावा, म्हणजे ताजा माल तळाशी पडतो आणि निकासाच्या वाटेने लगेच बाहेर जात नाही. निकासाचं भोक समोरच्या बाजूला, वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर खाली. भोकांना पाइप जोडताना एम-सील किंवा सोल्युशनवर विसंबू नये. या प्लास्टिकला ते धरत नाही आणि दोन महिन्यांत सुटतं. रबरी वायसर असलेलं टँक निपल आतून-बाहेरून आवळून बसवावं.

वरच्या टाकीच्या आत, खालच्या कडेजवळ, ३२ मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा फुलीसारखा क्रॉस नटबोल्टने बसवावा. निव्वळ शेणाच्या टाकीत तो नसला तरी चालतं, केळीच्या टाकीत त्याच्याशिवाय निभत नाही. तंतू वर तरंगतात, एकमेकांत गुंततात आणि चटईसारखी साय धरते. गॅस तिच्याखाली अडकतो. रोज सकाळी वरची टाकी दोन्ही हातांनी पाव फेरी डावीकडे, पाव फेरी उजवीकडे फिरवली की हा क्रॉस साय फोडतो. टाकी वर येताना कलंडू नये म्हणून तीन जीआय पाइप बाहेरून सारख्या अंतरावर उभे रोवावेत.

आता दाबाचा हिशेब. उपड्या टाकीचा व्यास १.२ मीटर असेल तर तिच्यावरच्या दर ११ किलो वजनामागे १ सेंटिमीटर पाण्याएवढा दाब मिळतो. शेगडीला ८ सेंटिमीटर हवा, म्हणजे एकूण ९० किलो. टाकीचं स्वतःचं वजन ३५ किलो असेल तर वर ५५ किलो ठेवावे लागतात. दोन चिरे समोरासमोर ठेवले तरी काम होतं, पण वाळूच्या पोत्या बऱ्या: प्लास्टिकवर टोक रुतत नाही आणि वजन पसरतं.

गॅसचा पाइप घराकडे जाताना सलग उतार किंवा सलग चढ असा न्यावा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साठतं आणि ज्योत धापा टाकल्यासारखी उडू लागते. सगळ्यात खालच्या जागी एक टी जोडून खाली कॉक ठेवावा, आठवड्यातून एकदा उघडून पाणी काढावं. शेगडीच्या अलीकडे एका बाटलीएवढ्या नळकांड्यात गंजलेला लेथचा लोखंडी बुरादा सैल भरून गॅस त्यातून न्यावा. सडक्या अंड्याचा वास आणि पितळी भाग काळे पडणं यामुळे कमी होतं. हा बुरादा काळा पडला की बाहेर काढून, ओला करून, मोकळ्या जागी पसरावा. हवेशी संबंध येताच तो तापतो, म्हणून वाळक्या पानांजवळ टाकू नये. पुन्हा तांबूस झाला की परत भरता येतो.

एलपीजीची शेगडी जशीच्या तशी चालत नाही. तिचं जेट जास्त दाबासाठी केलेलं, बारीक भोकाचं असतं, आणि बायोगॅसला हवाही बरीच कमी लागते. त्यामुळे ज्योत पेटत नाही किंवा बर्नरवरून उचलून विझते. बायोगॅससाठी बनवलेलीच शेगडी घ्यावी.

सुरुवातीचे दिवस

पहिल्या दिवशी केळीचा एक तुकडाही टाकीत जाता कामा नये. ३०० ते ४०० किलो ताजं शेण शेजारच्या गोठ्यांतून जमवावं, तितक्याच पाण्यात कालवून, काड्या-खडे वेचून टाकीत ओतावं आणि वर निकासापर्यंत पाणी भरावं. ओळखीत कुणाची चालू टाकी असेल तर तिथली १०० लिटर स्लरी (निकासातून येणारा पचलेला पातळ माल) आणून घालावी. जीवाणू तयार मिळतात आणि आठवडाभर वाचतो. नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून वापरावं, त्यातलं क्लोरीन उडून जाऊ द्यावं.

दहा-पंधरा दिवसांत वरची टाकी उचलते. हा पहिला गॅस पेटत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. हवा मिसळलेला मिथेन स्फोट करतो, म्हणून तो पेटवून पाहूही नये. कॉक उघडून, जवळ विस्तव नसल्याची खात्री करून, पूर्ण सोडून द्यावा. दुसऱ्यांदा भरलेला गॅस शेगडीवर निळा जळू लागला की मगच केळी सुरू करायची: पहिले चार दिवस रोज २ किलो, मग दर चार दिवसांनी २ किलो वाढवत २० पर्यंत. शेणाचे १० किलो पहिल्यापासून रोज चालू ठेवायचे. घाई केली की टाकी आंबते. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) मोजायच्या पट्ट्या औषधांच्या किंवा शेतीच्या दुकानात मिळतात, ६.८ ते ७.५ मध्ये रंग असेल तर ठीक.

खांब तयार करणं

घड काढल्यापासून दोन-तीन दिवसांत खांब कापावा. बाहेरची दोन-तीन सोपटं काढून बाजूला ठेवावी. त्यांत तंतू सगळ्यात जास्त आणि गॅस सगळ्यात कमी. वाळवली की मिरवेली बांधायला, फुलांचे हार ओवायला वाख म्हणून उपयोगी पडतात. आतला गाभा कोवळा असेल तर तो आधी भाजीला घ्यावा, टाकीला उरलेलं पुरतं.

राहिलेला खांब उभा चार फाकांत फाडायचा आणि मग आडवा, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे पाडत चिरायचा. आडवा चिरण्याला इथे फार महत्त्व आहे. तंतू खांबाच्या लांबीत धावतात. उभे, लांब तुकडे टाकले तर महिनाभरात टाकीत दोरखंड तयार होतात. कडबाकुट्टी यंत्र असेल तर पाती धारदार ठेवावीत आणि दर दोन खांबांनंतर यंत्र बंद करून, प्लग काढून, दांड्याभोवती गुंडाळलेले तंतू कापून टाकावेत. बोथट पात्याने खांब कापला न जाता चेंगरतो आणि तंतू अखंड राहतात. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, हातांना खोबरेल तेल चोळून बसावं.

चिरलेला माल लगेच टाकीत टाकण्यापेक्षा तीन-चार दिवस मुरवावा. २०० लिटरच्या पिंपात तो भरून, निकासातून आलेली स्लरी चार-पाच लिटर वर शिंपडून, झाकण ठेवायचं. तुकडे मऊ पडतात, बुडतात आणि साय निम्म्याहून कमी धरते. यासाठी आठवड्यातून दोनदा चिरण्याचा नेम बरा पडतो, प्रत्येक वेळी दोन किंवा तीन खांब. मात्र आठवड्यापलीकडे मुरत ठेवलं तर शेगडीवर जळायचं ते पिंपातच वाया जातं.

पिकून गळालेली, फुटलेली केळीही घालता येतात आणि ती खांबापेक्षा कितीतरी पटीने जास्त गॅस देतात. पण त्यांतली साखर झटपट आंबते. दिवसाला २ किलोच्या वर जाऊ नये. चवथीच्या मखराचे, तुळशीच्या लग्नाचे आणि सत्यनारायणाच्या पूजेचे खांबही टाकीत चालतात. दोरे, तारा, चमकी, थर्माकोल काटेकोरपणे काढून टाकावेत. त्या दिवसांत वाडीभरातून खांब येतात, तेव्हा जास्तीचे चिरून शेणाच्या खड्ड्यात कंपोस्टला लावावेत. एकाच दिवशी दुप्पट भरणा करून चूक पदरात पडते.

गाय नसेल तर? निव्वळ केळीवर टाकी फार दिवस चालत नाही. खांबात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी थोडं, त्यामुळे जीवाणू उपाशी राहतात. मासळीची आतडी-खवले रोज अर्धा किलो, किंवा कोंबड्यांची विष्ठा १ किलो, किंवा शेजारच्या गोठ्यातलं गोमूत्र २ लिटर यांनी नत्राची उणीव बऱ्यापैकी भरते. तरी आठवड्यातून एकदा ५-१० किलो शेण मिळवावंच. ही सोय नसलेल्या घराने खांबाचं कंपोस्टच करावं, टाकीचा खर्च करू नये.

बिघाड ओळखणं

गॅस कमी, निकासातून आंबूस वास, पट्टीवर सामू ६.५ च्या खाली: टाकी आंबली. केळी लगेच बंद करावी, चार-पाच दिवस काहीच घालू नये. मग चांगल्या टाकीतली स्लरी किंवा नुसतं शेण थोडं थोडं. सामू चढत नसेल तर १०० ग्रॅम विरलेला चुना बादलीभर पाण्यात विरघळवून ओतावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं. एकदम किलोभर चुना घालणं आंबण्याइतकंच वाईट.

गॅस कमी, पण वास आणि सामू बरोबर: बहुतेक वेळा साय धरलेली असते. वरची टाकी फिरवताना जड लागते. कडेच्या फटीतून बांबूने टोचून साय मोकळी करावी आणि मालाचे तुकडे तपासावेत, ते नक्कीच मोठे पडत असणार.

टाकी उचलते पण शेगडी पेटत नाही: पाइपात पाणी, किंवा जेटमध्ये कचरा. टाकी उचलतच नाही आणि भरणा नीट आहे: गळती. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून गळती शोधणं जिवावर बेततं. शेगडी जिथे आहे तिथली खिडकी उघडी असावी, आणि टाकीपासून ३ मीटरच्या आत विडी किंवा वेल्डिंग नको. गाळ काढायला माणसाने टाकीत उतरू नये, रिकामी दिसत असली तरी. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध होतो.

जून ते सप्टेंबर गॅस कमीच मिळेल. स्लरी थंड होते आणि पाऊस कडेच्या फटीतून आत पडून माल पातळ करतो. वर पत्र्याची उंच छपरी घातली तर पाऊस अडतो, पण तीच छपरी पावसाळा संपल्यावर काढावी, नाहीतर ऊन अडवते. त्या चार महिन्यांत भरण्यातलं पाणी पूर्ण बंद करावं आणि खांब १५ किलोंवर आणावा. उघड्या फटीवर डासांची जाळी ताणून बांधावी, कारण तिथे साठलेल्या पावसाच्या पाण्यात डास वाढतात.

वीज करायचा विचार घरगुती पातळीवर सोडून द्यावा. एक घनमीटर गॅसवर छोट्या जनरेटरमधून सव्वा-दीड युनिट निघतं, म्हणजे रोजच्या सातशे लिटरमधून एक युनिट. गोव्यातल्या साळगावच्या घनकचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसवर वीज होते, पण तिथे रोज कित्येक टन माल येतो.

वाळलेली पानं

डिसेंबर ते मे या काळात झाडावर लोंबणारी वाळकी पानं आणि देठ कोरडे मिळतात. मुठीत कुस्करले की चुरा होणारी तेवढीच घ्यावी. न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या भांड्याखाली) ती तशीच जाळता येतात, फक्त भर्रकन जळून जातात. सावकाश जळायला हवी असतील तर १० किलो चुऱ्यात ३ किलो शेण आणि मळता येईल इतकंच पाणी घालून, ७५ मिलिमीटरच्या भोकं पाडलेल्या पीव्हीसी नळकांड्यात लाकडी दट्ट्याने दाबावं आणि निघालेल्या वड्या कडक उन्हात आठवडाभर वाळवाव्यात. केळीच्या राखेत पोटॅश भरपूर असतं. ती तापून वितळते आणि जाळीवर खडे धरते. चिऱ्याच्या चुलीला त्याचं काही वाटत नाही, लोखंडी शेगडी मात्र लवकर खाल्ली जाते. राख माडांच्या आळ्यात घालावी.

स्लरी

रोज तीसेक लिटर स्लरी बाहेर येते. खांबातलं जवळजवळ सगळं पोटॅश तिच्यात उतरलेलं असतं आणि केळीला पोटॅशचीच भूक सर्वांत मोठी. एक दिवस उघड्या खड्ड्यात ठेवून, तितकंच पाणी मिसळून, बुंध्यापासून हातभर लांब रिंगणात द्यावी. दर केळीला पंधरवड्यातून ३-४ लिटर. पाटात सोडू नये, वाहून शेजारच्या शेतात किंवा ओहोळात जाते. न पचलेले तंतू चाळणीवर अडकतात, ते पोफळीच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावेत.

मर रोगाने गेलेल्या केळीचा खांब चिरला की आतल्या कड्या तपकिरी-लालसर दिसतात. असा खांब टाकीत घालू नये, कारण आपल्या टाकीतल्या उष्णतेला या बुरशीचे बीजाणू मरतातच असं नाही आणि स्लरीबरोबर ते सगळ्या कुळागरात पोहोचतात. तो जागेवरच खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा आणि कोयता उकळत्या पाण्याने धुवून मगच पुढच्या खांबाला लावावा. पर्णगुच्छ झालेल्या, पानं झुपकेदार आखूड पडलेल्या केळीवर आधी मावा मारायची फवारणी करावी आणि मगच ती कंदासकट उपटावी. मावा जिवंत असताना झाड पाडलं तर तो उडून शेजारच्या निरोगी केळीवर बसतो.